दुर्लक्ष, अनवधान की आणखी काही? एका रकान्यासाठी शब्द हवा आहे

ऐरोलीकर

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सुरक्षा विभागात आहे. घटना अहवालाचे फॉर्म मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारणांच्या यादीत एके ठिकाणी मी फार विचार न करता 'दुर्लक्ष' लिहिलं, ते तसंच छापून आलं आणि पहिल्याच अहवालाला भांडण झालं.

झालं असं की रात्रपाळीत एका रिअ‍ॅक्टरचं तापमान चढायला लागलं. पॅनलवरचा माणूस वीस वर्षं मुरलेला. तो त्या आकड्यावर डोळे लावून बसला, कूलिंग वाढवलं, खाली उभ्या असलेल्याशी वॉकीटॉकीवर बोलत राहिला. त्याच पॅनलवर हातभर अंतरावर एका साठवण टाकीची पातळी वर चालली होती. दिवा लागला, बझर वाजला. याला ना दिसलं ना ऐकू आलं. चहा घेऊन आलेल्या दुसऱ्याने पाहिलं आणि पंप बंद केला. सांडलं काही नाही, तरी अहवाल लिहावा लागतोच. सुपरवायझरने 'दुर्लक्ष' समोर खूण केली. सहीसाठी बोलावलं तर हा म्हणतो, "मॅडम, दुर्लक्ष लिहिलंत तर सही करणार नाही. त्या रात्री माझ्याइतकं लक्ष प्लांटमध्ये दुसऱ्या कुणाचं होतं ते सांगा."

त्याचं म्हणणं मला पटलं, पण शब्द सुचेना. 'निष्काळजीपणा' म्हणजे आगीतून फुफाट्यात. 'अनवधान' म्हणावं तर तेही नव्हतं. लक्ष पुरेपूर होतं, एका जागी होतं, आणि म्हणूनच दुसरी गोष्ट सुटली. याला मराठीत काय म्हणावं?

नौपाडेकर

ताई, तुमच्या ऑपरेटरचा कान शब्दाला चांगला आहे. दुर्लक्ष 'होतं' किंवा 'करतात'. "माझं दुर्लक्ष झालं" ही कबुली, "त्याने दुर्लक्ष केलं" हा आरोप. दोन्हींत एक गोष्ट धरलेली असते, की लक्ष द्यायला हवं होतं आणि देता आलं असतं. म्हणजे शब्दातच निकाल लागलेला आहे. कारण शोधायच्या फॉर्ममध्ये तो नको.

अनवधान जरा सौम्य. म्हणून तर वर्तमानपत्रं चूक छापली की "अनवधानाने राहून गेले" म्हणतात, कुणाच्याच माथी काही येत नाही. मूळ 'अवधान'. अव अधिक धा. धा म्हणजे ठेवणे. मन एखाद्या गोष्टीवर नेऊन ठेवणे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच "तरि अवधान एकवेळें दीजे" अशी आहे. श्रोत्यांकडे एवढंच मागितलं आहे. याच धातूचं 'व्यवधान' म्हणजे मध्ये येऊन बसलेली गोष्ट. 'सावधान' म्हणजे अवधानासह, आणि त्यावरूनच आपला रोजचा 'सावध'. 'बेसावध' तर गंमतीदार आहे. फारसी 'बे' ने संस्कृत 'स' ला रद्द केलं आहे, आणि दोघंही एकाच शब्दात गुण्यागोविंदाने राहतात.

लक्ष निराळं. त्याचं मूळ खूण, निशाण, नेम. अवधान ठेवायची वस्तू आहे, लक्ष रोखायची. ठेवलेली वस्तू एका वेळी एकाच जागी असणार आणि रोखलेला बाण एकाच दिशेला, हे दोन्ही शब्दांच्या पोटात आहे. आपणच ते विसरतो.

दाणाबाजार

मास्तर, नेम म्हणताय तर अर्जुन आठवला. द्रोणाचार्यांनी विचारलं काय दिसतं, तर म्हणाला फक्त पक्षी. पुढे विचारलं तर फक्त डोकं. युधिष्ठिराला झाड, फांद्या, भाऊ, गुरुजी सगळं दिसत होतं, त्याला बाजूला काढलं. शाळेत हेच शिकवतात.

ऐरोलीकर

पॅनलवर मला युधिष्ठिरच हवा आहे हो.

कळव्याची

कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. आमच्या पुस्तकांत 'अवधान' हाच शब्द चालतो, मुलं तो पाठ करतात आणि वर्गाबाहेर कधीही वापरत नाहीत.

ऐरोलीकर, तुमच्याकडे जे झालं त्याचा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग १९९९ चा, सायमन्स आणि शाब्री यांचा. लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. पांढऱ्या सदऱ्यांचा एक गट, काळ्यांचा एक, दोघेही आपापसांत चेंडू टाकताहेत. पांढऱ्यांनी किती वेळा टाकला ते मोजा. मधूनच गोरिलाचा पोशाख घातलेलं एक माणूस चालत येतं, छाती बडवतं, निघून जातं. साधारण निम्म्या लोकांना ते दिसतच नाही. नंतर दाखवलं तर चित्रफीत बदलली म्हणून भांडतात. माझ्या वर्गातही भांडले.

पण तुमच्या माणसाची बाजू मांडणारा प्रयोग २०१३ चा आहे. फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये बारीक गाठी शोधायला २४ रेडिओलॉजिस्टना बसवलं. रोजचं काम, हात बसलेला. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं एक चित्र चिकटवून ठेवलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना दिसलं नाही. डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र लावलेलं होतं. न दिसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांची नजर थेट त्या चित्रावरून गेली होती. म्हणजे डोळे तिथे होते. अनुभव कमी नव्हता, आळस नव्हता, झोप नव्हती. शोधत गाठी होते, म्हणून गाठीच दिसल्या.

इथे मराठीचं कौतुक करावंसं वाटतं. 'बघणे' आणि 'दिसणे' ही दोन क्रियापदं आपल्याकडे वेगळी आहेत. बघितलं, पण दिसलं नाही. ऐकणे आणि ऐकू येणेही तसंच. या एका ओळीत त्या शोधनिबंधाचा अर्धा भाग येतो.

वऱ्हाडी वाशीत

मूळ प्रश्नावर माझ्याकडे शब्द नाही, पण 'लक्ष' वरून एक तक्रार आहे. ठाणे स्टेशनात दिवसभर हिंदीत "यात्रीगण कृपया ध्यान दें" आणि मराठीत "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" ऐकू येतं. आता माझी नवी मुंबईत वाढलेली पोरगी मलाच सांगते, "बाबा, ध्यान द्या ना". हे चालवून घ्यायचं का?

नौपाडेकर

'ध्यान द्या' ही हिंदीची सावली आहे, पण ध्यान आपल्याला परकं नाही. तुमच्या वऱ्हाडात "ध्यानात ठेवजो" म्हणतच असतील. साताऱ्याकडे "ध्यानात आलं का?" सर्रास. फरक विभक्तीचा. मराठीत गोष्ट ध्यानात येते, राहते, ठेवतात, धरतात. ध्यान 'देत' नाहीत, 'लावतात', आणि ते डोळे मिटून. शिवाय ध्यान म्हणजे रूपही. "सुंदर ते ध्यान" मधलं ध्यान तेच. त्याच शब्दाने आपण गबाळ्या माणसाला "काय ध्यान आहे!" म्हणतो. एका शब्दाने विठोबाला आणि शेजारच्या बंड्याला एकाच रांगेत बसवणारी आपलीच भाषा.

वऱ्हाडी वाशीत

ठेवजो म्हणतोच. पोरीला माफ केलं.

डाउन स्लो

रेल्वेतून निवृत्त. ती घोषणा निघाली आहे म्हणून सांगतो, ठाण्याला फलाट दहावर उभ्या असलेल्या माणसाला "कृपया लक्ष द्या" हे शब्द ऐकू येत नाहीत. कानावर पडतात. त्याला फक्त "वाशी" किंवा "पनवेल" ऐकू येतं, जे त्याला हवं असेल ते. लक्ष द्या म्हणून दर दोन मिनिटांनी सांगितलं की त्या शब्दांतला 'लक्ष' मरतो.

कळव्याची

काका, अगदी तेच. गर्दीच्या आवाजातून आपल्याला हवा तो आवाज कसा वेगळा निघतो हा प्रश्न कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये मांडला. दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवायचे आणि एका कानातला मोठ्याने म्हणत राहायला सांगायचं. दुसऱ्या कानात काय होतं हे लोकांना जवळपास सांगता येत नव्हतं. पुरुषाचा आवाज बाईचा झाला तर कळे, मजकूर काय ते नाही. पुढे १९५९ मध्ये मोरे यांना दिसलं की त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव आलं तर साधारण एक तृतीयांश लोकांना ते कळतं. एक तृतीयांशच. आपण समजतो, आपलं नाव कुणी घेतलं तर आपल्याला कळणारच. तीनातल्या दोघांना कळत नाही, आणि न कळलेलं असल्यामुळे ते नंतर तक्रारही करत नाहीत.

आता पाहा, वर मीच 'दुर्लक्षित कान' लिहिलं. दुसरा शब्द आला नाही. ऐरोलीकर म्हणताहेत ती अडचण खरी आहे.

ऐरोलीकर

मग मी क्रियापदांकडे वळले. लक्ष देणे, ठेवणे, घालणे, पुरवणे, वेधणे, वळवणे. हे सगळं कर्त्याच्या हातात. लक्ष जाणे, लागणे, उडणे, वेधलं जाणे. हे हातात नाही. "मी लक्ष दिलं" मध्ये मी कर्ता, "माझं लक्ष गेलं" मध्ये लक्षच कर्ता, मी नुसता मालक. टाकीच्या दिव्याचं काम त्याचं लक्ष 'वेधून' घेण्याचं होतं, ते दिव्याने केलं नाही. मग दोष लक्ष देणाऱ्याचा की न वेधणाऱ्या दिव्याचा? 'दुर्लक्ष' म्हटलं की हा प्रश्न विचारायची सोयच राहत नाही.

आणखी एक घोळ. लक्षात येणे म्हणजे कळणे, लक्षात राहणे म्हणजे आठवणे, लक्ष देणे तिसरंच. फॉर्म भरणारे "लक्षात आले नाही" लिहितात तेव्हा दिसलं नाही, समजलं नाही की विसरला हे मला परत जाऊन विचारावं लागतं. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

कळव्याची

देणे आणि जाणे हा तुमचा भेद आमच्याकडे ऐच्छिक आणि अनैच्छिक अवधान म्हणून शिकवतात. तुमचा जास्त चांगला आहे, चोरणार आहे.

दाणाबाजार

आमच्या आईला सगळे अष्टावधानी म्हणायचे. एकीकडे दूध, एकीकडे पोळी, आमचा पाढा ऐकणं चालू, आणि दारात कोण आलं तेही माहीत. मग एका वेळी एकच हे खरं कसं?

नौपाडेकर

दूध उतू जात नसे का कधी?

अष्टावधान ही मूळची कला आहे, संस्कृतात आणि तेलुगूत आजही रंगते. आठ पृच्छक, म्हणजे विचारणारे, समोर बसतात. एक समस्या, म्हणजे श्लोकाची एक ओळ, देतो ती पूर्ण करायची, एक चार शब्द देतो ते श्लोकात गुंफायचे, एक पुढचं कोणतं अक्षर वापरायचं नाही ते सांगत राहतो. एक मधूनमधून घंटा वाजवतो, शेवटी किती टोले झाले ते सांगायचं. आणि एकाचं काम फक्त भलतेसलते प्रश्न विचारून लक्ष उडवणं, त्याला 'अप्रस्तुतप्रसंग' असं रीतसर नाव आहे. पण नीट बघितलं तर अवधानी आठ कामं एकत्र करत नाही. एकाकडून उठून दुसऱ्याकडे जातो आणि आधीचं सोडलं तिथूनच पुन्हा उचलतो. कसोटी परत येण्याची आहे. त्याला वर्षानुवर्षं साधना लागते, आणि समोरच्या आठांपैकी कुणाची टाकी भरून वाहत नसते.

कळव्याची

सर, शेवटचं वाक्य वर्गात सांगणार. उठून जाण्याला खर्च असतो हेही जोडते. १९९२ मध्ये असं दाखवलं गेलं की भराभर येणाऱ्या अक्षरांत एक खूण ओळखली की पुढचं साधारण अर्धं सेकंद दुसरी खूण निसटते, डोळे उघडे असून. त्याला अवधानाची पापणी लवणे म्हणावं असं मला वाटतं. आणि गाडी चालवताना फोन कानाला न लावता हँड्सफ्रीवर बोललं तरी लक्ष तितकंच जातं, हेही तपासलेलं आहे. हात मोकळे असतात, मन नसतं. पाम बीच रोडवर रोज पाहते.

डाउन स्लो

हात मोकळे, मन नाही, यावरून आमचं सांगतो. लोकलच्या मोटरमनला डेडमॅन हँडल असतं. ते दाबून धरायचं, सोडलं की ब्रेक लागतो. माणूस कोसळला तर गाडी थांबेल याची ती सोय. पण माणूस जागा आहे, हात जागच्या जागी आहे आणि मन घरच्या भानगडीत, तर हँडलला ते कळत नाही. म्हणून लांबच्या गाड्यांवर दोघे एकमेकांना सिग्नल मोठ्याने सांगतात. एक म्हणणार, दुसरा परत म्हणणार. नवीन पोरांना हसू येतं. जपानी रेल्वेत बोट दाखवून मोठ्याने बोलायची पद्धत आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये तपासलं, तर नुसतं बघून काम करण्यापेक्षा चुका जवळपास सहाव्या हिश्शावर आल्या.

तंद्री हा आमचा शब्द होता. झोप वेगळी, तंद्री वेगळी. झोपेत डोळा मिटतो, तंद्रीत उघडाच राहतो.

दाणाबाजार

आमचे आजोबा गावाला धान्य मोजायचे ते मोठ्याने. 'एक' म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन. सुरात म्हणायचं, सूर तुटला की मोजणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही कळे. जपान्यांनी आमच्या आजोबांकडून घेतलं असावं.

कळव्याची

तंद्रीचाही प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसलेल्या लोकांना काही वेळाने पाणबुड्यांच्या खुणा दिसेनाशा होत. मॅकवर्थ यांनी घड्याळासारखं एक यंत्र केलं, काटा एकेक पाऊल सरकतो, क्वचित दोन पावलं उडी मारतो, ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच टिपणं घसरायला लागायचं. हा निकाल १९४८ चा. आपल्याकडे 'पाळत' बारा तासांची असते.

पण ऐरोलीकरांचं प्रकरण तंद्रीचं नाही. त्याच्या उलट आहे.

ऐरोलीकर

बरोबर, उलट. विमानाचं एक उदाहरण प्रशिक्षणात सांगतो. २९ डिसेंबर १९७२, ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ क्रमांकाचं विमान, मायामीजवळ. पुढचं चाक उतरल्याचा दिवा लागेना. दिवाच गेला होता, चाक ठीक होतं. कॉकपिटमधले सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. मध्येच ऑटोपायलटची उंची धरून ठेवायची सोय नकळत सुटली, विमान हळूहळू उतरायला लागलं. उंची कमी झाल्याचा टोला वाजला, कुणालाच तो ऐकू आला नाही. १०१ माणसं गेली. एका बल्बच्या नादात.

नौपाडेकर

ताई, थांबा. शब्द तुम्हीच लिहिलात.

ऐरोलीकर

कुठला?

नौपाडेकर

"बल्बच्या नादात." चेंडू मोजायच्या नादात गोरिला दिसला नाही. गाठींच्या नादात चित्र सुटलं. तापमानाच्या नादात टाकी राहिली. पहिली जागा लक्ष कुठे होतं ते सांगते, दुसरी काय सुटलं ते. दोन्ही सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. मी इथे अव आणि धा करत बसलो आणि 'अन्यावधान' असा एक शब्द पाडून तयार ठेवला होता. तो आता मागे घेतो.

जवळचे शब्द ताडून पाहिले. 'भरात' माणूस काहीतरी करून बसतो, रागाच्या भरात बोलून गेला. 'ओघात' काहीतरी सहज येऊन जातं. 'गडबडीत' म्हणजे घाई. 'नादात' मात्र बहुतेक वेळा काहीतरी राहतं, सुटतं, हुकतं. गप्पांच्या नादात स्टेशन गेलं. 'काखेत कळसा' मधली बाईही शोधण्याच्याच नादात होती. संस्कृतात नाद म्हणजे नुसता आवाज. मराठीने त्याचं वेड केलं, आणि एक आवाज कानात भरला की दुसरा ऐकू येत नाही, ही बहुधा त्यातली वाट. हा माझा तर्क, कोशाच्या नावावर खपवत नाही.

दाणाबाजार

नाद खुळा! पण मास्तर, नाद म्हटलं की बाईबाटलीही येते. "नादी लागला" असं लिहिलं तर तो ऑपरेटर ताईंच्या अंगावर येईल.

ऐरोलीकर

आलाच असता, त्याच्या आधी एचआरवाले आले. 'नादात' फॉर्मवर छापायला त्यांनी साफ नकार दिला. दाणाबाजार म्हणतात तेच कारण, जरा सभ्य भाषेत. मी भांडले नाही. कोशातला एक शब्द शोधायचा हट्टच सोडला, कारण नौपाडेकर सरांचं खरं म्हणणं शब्दाबद्दल नव्हतंच, दोन जागांबद्दल होतं. आता त्या रकान्यात असं छापलं आहे: "लक्ष ………… वर होते. ………… कडे गेले नाही." होते आणि गेले. 'दिले' कुठेच नाही.

डाउन स्लो

आणि 'दुर्लक्ष' काढलं का?

ऐरोलीकर

ठेवलंय, वेगळा खण करून. हेल्मेट समोर ठेवून डोक्यावर न घालणाऱ्यांसाठी लागतो. तिथे काणाडोळा लिहावं असंही मनात आलं होतं.

नौपाडेकर

'काणा' लिहिलंत, बरं वाटलं. काणा म्हणजे एका डोळ्याचा. हल्ली सगळे कानाडोळा लिहितात आणि त्यात कानही आहे असं समजतात. पण तो विषय वेगळा काढा, इथे घातलात तर परत दोनशे प्रतिसाद.

कळव्याची

ऑपरेटरने सही केली का, ते सांगा आधी.

ऐरोलीकर

केली. दुसऱ्या जागेत एकच शब्द लिहिला, 'टाकी'. पहिली जागा त्याला पुरली नाही, समासात वर चढवून तीन ओळी लिहिल्या. रिअ‍ॅक्टरचं तापमान किती होतं, कितीवर गेलं की काय होतं, खाली कोण उभं होतं. आणि तिसऱ्या ओळीत हे, जे आधीच्या अहवालात कुठेच नव्हतं: रिअ‍ॅक्टरचा बझर आधीपासून वाजत होता, आणि टाकीच्या बझरचा आवाज अगदी तसाच आहे.